करंजखिंडीचा बिनस्वाराचा घोडा

रंग उडालाय असं म्हणू नका हं, मला राग येतो. येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. नीट बघा. देवळाची ही अख्खी भिंत म्हणजे करंजखिंडीची लढाई. सगळ्यांच्या पुढं पांढरा घोडा, लगाम, खोगीर, सगळं जागच्या जागी. वर स्वार तेवढा नाही. मी इथला गुरव, माझ्या आज्यानं सांगितलं तसं सांगतो.

खिंडीत आपली बेचाळीस माणसं पडली, पण शत्रू मागं फिरला. पुढं राजांनी सटवाजी चिताऱ्याला हुकूम केला, म्हणे, दसऱ्याला पाहुणे राजे यायचेत, त्याआधी ही लढाई भिंतीवर उतरव, आणि सगळ्यांच्या पुढं घोड्यावर मी हवा. सटवाजीचा थोरला भाऊ त्याच खिंडीत पडलेला. सटवाजी कामाला लागला.

त्याच्या घराण्याची रीत अशी, की डोळे शेवटी काढायचे, आणि ज्यानं त्या माणसाला बघितलंय त्याला समोर बसवून काढायचे. एकेका घरचं माणूस आलं. हौसाबाई म्हणाली, "माझ्या लेकाचा डावा डोळा जरा बारीक होता रे." त्यानं तसाच काढला. भावाचे डोळे स्वतःच्या आठवणीनं काढले आणि ढसाढसा रडला. राहिले राजे. सटवाजीनं निरोप धाडला, सरकारांना खिंडीत ज्यानं बघितलं त्याला पाठवा.

आठ दिवस कुणी फिरकलं नाही. कोण येणार, कपाळ! राजे तेव्हा गडावर होते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कारभारी दरडावून गेला, दसऱ्यापर्यंत डोळे झाले नाहीत तर हात तोडू. सटवाजी म्हणाला, "तोडा. पण कुणी न बघितलेले डोळे या हातानं निघायचे नाहीत." बायकोनं पाय धरले, तरी गडी हलला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी राजे स्वतः आले, एकटेच. एकेक चेहरा बघत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकाला गेले, असं सांगतात, आणि स्वतःच्या चित्रापुढं थांबले. सटवाजीनं दोन्ही हात पुढं केले.

राजे मान खाली घालून म्हणाले, "मला पूस. घोडा राहू दे. जखमींना आणायला मी तो धाडला होता. तो होता तिथं."

आजही दसऱ्याला राजघराण्यातलं माणूस इथं पायी येतं आणि भिंतीपाशी आपट्याची बेचाळीस पानं ठेवतं. आधी त्यांना, मग देवाला. मी गुरव असून अडवत नाही.