पाय तळाला राहू दे

एकदा एका वृद्ध पाळकबाईंनी आपल्या शिष्येला नदीवर नेले आणि म्हटले, "मला बुडव."

वाचकांनी दचकू नये. बाई बाप्टिस्ट मंडळीच्या होत्या. तिथे तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडत नाहीत. जाणत्या माणसाने आपला विश्वास स्वतः कबूल करायचा, मग पाळकाने त्याला पाण्यात पाठीवर आडवे करून पूर्ण बुडवायचे आणि पुन्हा उभे करायचे, असा त्यांचा बाप्तिस्मा. बाईंनी तो त्रेचाळीस वर्षे दिला. त्याच हातांनी वस्तीतली बाळंतपणे केली, शिवणवर्ग चालवला, पिऊन पडलेल्यांना गुत्त्यावरून घरी पोचवले. आता त्या निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी सुवार्ता नावाची ही काडीपैलवान शिष्या यायची होती.

मंडळीच्या पंचांना ते काही पटत नव्हते. येत्या रविवारी पहिलाच बाप्तिस्मा गुऱ्हाळवाल्या भिवाजीचा होता, आणि भिवाजी म्हणजे दोन माणसांचा ऐवज. "हा देह या पोरीला उचलेल? हातून निसटला तर आम्ही बाहेरून पुरुष पाळक आणू," असे त्यांनी महिन्यापूर्वीच तोंडावर सांगितले होते. सुवार्तेने ते मनाला लावून घेतले. महिनाभर ती प्रार्थनामंदिरामागे ज्वारीची पोती उचलत राहिली. कमरेत लचक भरली, तरी थांबली नाही. बाई रोज पाहत होत्या.

आणि आज नदीत सुवार्तेने बाईंना आडवे केले. बाईंनी अंग भिजल्या गोधडीसारखे सोडून दिले. सुवार्तेने सगळे बळ लावून ओढले आणि दोघीही पाण्यात गेल्या.

"बाई, अंग का सोडलंत?" ती खोकत म्हणाली.

"तू उचलणार होतीस ना? म्हटलं, उचल." बाई हसल्या. "आता बुडवण्याआधी मला सांग, गुडघे वाकवा, पाय तळाला राहू द्या."

सुवार्तेने तसे सांगितले. या खेपेला बाई इतक्या सहज उठल्या की तिचा हात त्यांच्या पाठीला नुसता लागून राहिला.

काठावर पदर पिळत बाई म्हणाल्या, "पोरी, त्रेचाळीस वर्षांत मी एकालाही उचललं नाही. आपल्या वस्तीतल्या लीलाचा नवरा गेला, तेव्हा सहा महिने तिच्या चुलीवर मीच भाकऱ्या थापल्या. ती अंथरुणातून उठेना. मला वाटायचं, मी सेवा करतेय. खरं तर मीही तुझ्यासारखी पोतीच उचलत होते. मग एक दिवस थापणं थांबवलं, तिच्यापुढे शिवणयंत्र ठेवलं आणि शेजारी बसून राहिले. त्या दिवशी ती उठली. पाठीला हात लागतो गं, नाहीतर माणूस घाबरतं. पण उठायचं त्याच्याच पायांनी."

रविवारी कमरभर पाण्यात भिवाजीने सुवार्तेचा हात घट्ट धरला. त्याला पोहता येत नव्हते. "ताई, सुटलो तर?" तो पुटपुटला.

"दादा, माझा हात आहे. गुडघे वाकवा, पाय तळाला राहू द्या."

पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने भिवाजी पाण्याखाली गेला आणि वर आला. काठावरून थोरले पंच ओरडले, "उचलला की पोरीनं!"

"नाही काका, दादा उठले," सुवार्ता म्हणाली.

तिने आनंदाने बाईंकडे पाहिले. बाई खांद्याला पिशवी लावून घाटाच्या पायऱ्या चढत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. सुवार्तेला आपल्या पाठीवरचा हात निघाल्यासारखे वाटले. मग तिने वाळूत पाय नीट रोवले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.