उरलेले दोन गोचीड

जनावरं माणसांना तोंडावर बोलत, तेव्हाची गोष्ट. चंद्री म्हशीच्या अंगावर ताप आणणारे गोचीड झाले की धोंडूबाई करंजाचं तेल चोळायची. बहुतेक गोचीड मरायचे. चार-दोन चिवट राहिले, तर "एवढ्यानं काय होतंय" म्हणत ती बाटली ठेवून द्यायची.

तिसऱ्या वर्षी तेलानं एकही गोचीड मरेना. धोंडूबाई तेल्याला शिव्या देऊ लागली.

चंद्री वैतागून म्हणाली, "तेल तेच आहे, बाई. ज्यांना ते सोसलं, त्यांचीच पोरं आहेत ही सगळी. दरवर्षी सांगून माझं तोंड दुखलं."

धोंडूबाई हातानं गोचीड वेचायला बसली. संध्याकाळी दोनच उरले.

"एवढ्यानं काय होतंय," म्हणत ती उठली.

चंद्री गोठ्याच्या दारात आडवी बसली.