पेमाच्या मोमोचं झाकण

एवढीशी उंदरी. नाव तिचं पेमा. कुठून आली? लांबून! बर्फाच्या डोंगरापलीकडून! पाठीवर पातेलं, डोक्यावर झाकण. चालत चालत आली थेट समुद्राकाठच्या गावात.

गावात होता बाजार. बाजाराचा नियम कडक. ऊन डोक्यावर यायच्या आत दुकान लागलं, तर जागा तुमची. नाही लागलं, तर चला, उठा!

पेमाने चूल पेटवली. पीठ मळलं. कोबी चिरला. गोल गोल मोमो वळले. एकच आधी वाफवला, न्याहारीसाठी फडक्यात बांधला. बाकीचे शिजायला ठेवले, तोच वारा आला. सूंऽऽ!

झाकण उडालं. घरंगळ घरंगळ... खण्ण! गेलं करवंदीच्या जाळीत. काटेच काटे!

अरे देवा! आता मोमो कसे शिजणार?

पेमा निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"शेळीताई, शेळीताई, जाळी खा ना!
जाळी झाकण देईना,
झाकणाविना मोमो होईना!"

"मी नाही खात जा! घसा कोरडा पडलाय. आधी पाणी आण."

तुरुतुरु तुरुतुरु.

"विहीरमावशी, विहीरमावशी, पाणी दे ना!
शेळी जाळी खाईना,
जाळी झाकण देईना,
झाकणाविना मोमो होईना!"

"मी नाही देत जा! बादलीचा दोर तुटलाय. आधी दोर आण."

तुरुतुरु तुरुतुरु.

"सुगरणताई, सुगरणताई, दोर वळ ना!
विहीर पाणी देईना,
शेळी जाळी खाईना,
जाळी झाकण देईना,
झाकणाविना मोमो होईना!"

"मी नाही वळत जा! घरटं विणते मी गवताचं, दोराला काथ्या कुठाय? काथ्या असतो नारळाच्या सालीत. आधी नारळ आण."

तुरुतुरु तुरुतुरु.

"माडआजोबा, माडआजोबा, नारळ टाका ना!
सुगरण दोर वळेना,
विहीर पाणी देईना,
शेळी जाळी खाईना,
जाळी झाकण देईना,
झाकणाविना मोमो होईना!"

"मी नाही टाकत जा! हा कावळा बसलाय डोक्यावर. झावळी हलू देत नाही. आधी त्याला उठव."

बाप रे, केवढा उंच माड! पण पेमा चढली. सरसर सरसर.

"कावळेबुवा, कावळेबुवा, उठा ना!
माड नारळ टाकेना,
सुगरण दोर वळेना,
विहीर पाणी देईना,
शेळी जाळी खाईना,
जाळी झाकण देईना,
झाकणाविना मोमो होईना!"

"मी नाही उठत जा! कोण गं तू? कुठली गं तू? रोज शिळा भात, शिळी भाकरी. कंटाळा आलाय मला. कशाला उठू?"

ऊन तर चढत चाललं. पेमाला रडू आलं. पण रडत बसली नाही हो ती! फडकं सोडलं. आपल्या न्याहारीचा मोमो पुढे केला.

"खाऊन तर बघा."

"शी! पांढरं पांढरं हे काय? आमच्याकडे असलं काही खात नाहीत!"

तरी चोच लावली. एक घास. दुसरा घास. मटामट मटामट. गट्टम!

"अरे वा! ही तर आपल्या मोदकाची बहीण! आणखी आहेत?"

"आहेत की! पण झाकण हवं!"

"मग मी बसलोय कशाला!"

भुर्रकन कावळा उठला.
धप्पकन माडाने नारळ टाकला.
भराभर सुगरणीने दोर वळला.
बुडुकबुडुक विहिरीने पाणी दिलं.
गटागटा शेळी पाणी प्यायली.
करकर करकर शेळीने जाळी खाल्ली.
आणि खण्ण! झाकण बाहेर!

पेमा धावली. झाकण ठेवलं. फुसफुस फुसफुस वाफ आली. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा दुकान लागलेलं. जागा पेमाची!

काथ्या काढून सोललेला नारळ उरला होता. पेमाने तो खवला. गूळ घातला. मोमोत भरला. खोबऱ्याचे गोड गोड मोमो! असे मोमो तिच्या डोंगरात नव्हते, आमच्याही गावात नव्हते. गावाचं नशीबच मोठं, म्हणून पेमा आली.

शेळीताई आली, सुगरणताई आली. माडआजोबांना आणि विहीरमावशीला घरपोच!

आणि कावळेबुवा? ते बसले माडाच्या शेंड्यावर आणि ओरडले,

"काव काव! या हो या! आमच्या पेमाचे मोमो, गरमागरम!"