गवत कुणाचं?

भिवराई धनगरीण सोबतच्यांना घेऊन वाड्यात उभी होती. समोर जहागीरदार रायाजीराव बसले होते, त्यांच्या पायाशी जप्त करून आणलेल्या घोंगड्यांचा ढीग होता आणि दारात चाबूक घेतलेला शिपाई. लोकर धनगरांनी कातरायची, सूत बायांनी काढायचं, घोंगड्या सणगरांनी विणायच्या आणि जत्रेत सगळ्यांनी मिळून विकायच्या, असं तिनं यंदा जुळवून आणलं होतं. त्यामुळे दरवर्षी माल स्वस्तात उचलणारा रावांच्या मर्जीतला व्यापारी हात चोळत बसला आणि राव खवळले.

"मेंढरं माझ्या माळावरचं गवत खातात," राव गरजले. "त्या गवताचीच लोकर होते. म्हणजे घोंगड्या माझ्या. कुणाचं काही म्हणणं?"

भिवराईनं पुढं होऊन हात जोडले.

"सरकारांचा न्याय मान्य. पण मला एक भ्या वाटतंय. पेरणीआधी सरकारांनी खतासाठी आमची मेंढरं रोज रात्री आपल्या रानात बसवून घेतली. त्या लेंड्यांवरच सरकारांचा जोंधळा डोक्याएवढा झालाय."

"मग?"

"तवा मेंढरं दिवसभर, सरकारांना जहागीर देणाऱ्या महाराजांच्या कुरणात चरत होती, त्यांच्याच परवानगीनं. गवत महाराजांचं, म्हणजे जोंधळाही महाराजांचाच झाला. कापणीला त्यांची माणसं बोलवू, का सरकार तो गुपचूप आपल्या कणगीत भरणार?"

रावांचा चेहरा पांढराफटक पडला. कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून त्यांनी दाराकडे पाहिलं.

"घोंगड्या उचल, बाई," ते पुटपुटले. "आणि जरा हळू बोल."