तेल्याच्या बैलाचं दुखणं

फार पूर्वी, गावोगावी लाकडी घाणा फिरायचा तेव्हाची गोष्ट. एका गावात एक तेली होता. चांगला दणकट. करडईचं पोतं एकटा उचलायचा, मिशीला रोज आपल्याच घाण्याचं तेल लावायचा. घर होतं, बायको होती, बैल होता. बैलाच्या कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून त्याला चांद्या म्हणत. चांद्या डोळ्यांना झापड बांधून दिवसभर घाण्याभोवती फिरायचा आणि संध्याकाळी घमेलंभर पेंड खाऊन घोरायचा.

एकदा तेल्याचं काहीतरी बिघडलं. काय बिघडलं ते त्याला कळेना. ताप नाही, खोकला नाही, घरात कोणी मेलं नाही, घाणाही नीट चालू. तरी भाकरी मातीसारखी लागायची. अंथरुणावर पडला की डोळे टक्क उघडे. कामातून उठला की भिंतीकडे बघत बसायचा आणि मध्येच डोळ्यांतून पाणी यायचं. रडण्यासारखं काही झालंय का, हे तो आठवून बघायचा, तर तेही आठवायचं नाही. शेवटी त्यानं ठरवलं, कारण नाही तर दुखणं कसलं. मोठा शहाणाच लागून गेला होता.

बरं, सांगावं तरी कोणाला? गावातल्या न्हाव्यानं मागं एकदा चावडीवर सांगितलं होतं की मन लागत नाही, रडू येतं. तेव्हापासून अख्खं गाव त्याला रडका न्हावी म्हणायचं. पोरंसोरंसुद्धा. हे नाव ठेवण्यात सगळ्यात पुढं कोण होतं? आपला तेलीच. म्हणून त्यानं तोंडाला कुलूप घातलं.

बाजाराच्या दिवशी गुरांचा वैद्य पिंपळाखाली येऊन बसायचा. तेल्याला तिकडं जायचं नव्हतं, पण पाय गेले. वैद्यानं विचारलं, काय रे, काय झालं?

तेल्याच्या तोंडून निघालं, "आमचा बैल. खात नाही, झोपत नाही. भिंतीकडं बघत बसतो."

"काम करतो का?"

"कामाला चुकत नाही. पण कशात जीव नाही त्याचा."

"डोळ्यांतून पाणी?"

"येतं. कोणी नसलं की."

वैद्य चक्रावला. "कोणी नसलं की येतं, हे तुला कसं कळलं?"

"कळतं," तेली म्हणाला आणि खाली बघायला लागला.

वैद्य बैल बघायला घरी आला. चांद्या पेंड खात होता. पेंड संपल्यावर तो वैद्याच्या धोतराचा सोगा चघळायला लागला. वैद्यानं जीभ बघितली, कान चाचपले, शेपूट उचलून बघितलं. ठणठणीत. त्यानं तेलिणीला विचारलं, बाई, हा खात नाही म्हणता? तेलीण म्हणाली, "बैलाचं मला ठाऊक नाही. पण मालकांचं ताट रोज…" तेली मध्येच खेकसला की आधी वैद्यबुवांना पाणी आण. ती गेली.

वैद्याला काही उमजेना. पण आलोय तर काहीतरी द्यायला हवं, म्हणून त्यानं काडेचिराईताचा कडूजहर काढा बांबूच्या नळीनं चांद्याच्या घशात ओतला. चांद्याला तर त्याहून उमजेना. तो मालकाकडं पाठ करून उभा राहिला, आणि त्याचं बरोबरच होतं.

पुढच्या बाजारी वैद्यानं विचारलं, फरक पडला का? तेली म्हणाला, वाढलंय. मग हळूच म्हणाला, "आता विहिरीपाशी थांबतो. खाली पाण्याकडं बघत राहतो. त्याला वाटतं, एकदाचं संपवावं."

वैद्य सुपारी कातरत होता, त्याचा हात थांबला. पण बाजारात कान भरपूर. संध्याकाळी चावडीवर गाव जमलं. कोणी म्हणालं बैलाला बाधा झाली, कोणी म्हणालं तो विहिरीत पडला तर प्यायचं पाणी नासेल. एका म्हाताऱ्यानं विचारलं की बैलाला काय वाटतं हे तेल्याला सांगितलं कोणी. त्याच्याकडं कोणी लक्ष दिलं नाही. म्हाताऱ्यांकडं देतच नाहीत. पाटलानं निकाल दिला, बैल घाटापलीकडच्या रानात सोडून यायचा. त्या रानात वाघ होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चांद्याला चावडीवर आणलं. एवढी माणसं कशाला जमलीत ते त्याला कळेना. समोर मालक दिसला तशी त्यानं सवयीनं मान खाली घातली, झापड बांधून घ्यायला.

तेली कात्रीत सापडला. बोललं तर जन्मभराचं नाव पडणार. नाही बोललं तर मुकं जनावर वाघाच्या तोंडी. त्यानं चांद्याच्या कपाळावरच्या ठिपक्यावर हात ठेवला.

"सोडा त्याला. त्याला काही झालेलं नाही. भाकरी मला जात नाही. झोप मला नाही. विहिरीत मी बघतो."

आता निकाल कोणाचा द्यायचा, हे पाटलाला कळेना. मागून एकजण फिसकन हसला, पण एकटाच हसला, म्हणून त्याचं हसू अर्ध्यातच विझलं.

मग न्हावी उठला. लोकांना वाटलं, आता हा जुनं उट्टं काढणार.

"मला रडका म्हणणारा तूच ना रे?"

"मीच."

"बरं. आज माझ्याकडं निजायला चल. विहिरीच्या वाटेनं एकट्यानं जायचं नाही. नदीपलीकडच्या गावात माणसांचा वैद्य आहे, मनाचं दुखणंही बघतो. उद्या जाऊ. मी गेलो होतो. हल्ली मी रडत नाही, पण ते विचारायची बुद्धी तुमच्यातल्या एकालाही झाली नाही."

गुरांचा वैद्य म्हणाला, माझी गाडी घेऊन जा. मग जरा रागानं म्हणाला, आधी बोलला असतास तर माझा काढा वाचला असता.

तेली एका दिवसात बरा झाला नाही. नदीपलीकडच्या वैद्यानं औषध दिलं, समोर बसवून बोलतं केलं, परत परत बोलावलं. बायको दर खेपेला बरोबर गेली. कधी बरं वाटायचं, कधी पुन्हा भिंत. पण एके दिवशी त्यानं आणखी अर्धी भाकरी मागितली आणि तेलीण चुलीकडं तोंड करून बराच वेळ बसून राहिली. आपल्याला नेमकं काय झालं होतं, ते तेल्याला पुढंही कधी नीट सांगता आलं नाही. वैद्य म्हणायचा, नीट नसू दे, सांगत राहा.

गावानं न्हाव्याला नुसतं न्हावी म्हणायला सुरुवात केली. चांद्या पहिल्यासारखा फिरत राहिला. फक्त गुरांच्या वैद्याचा आवाज आला की तो झापडीसकट घाणा घेऊन पळायला बघायचा.

तात्पर्य एवढंच: गड्यांनो, दुखणं आपलं असेल तर आपल्याच तोंडानं सांगा. बैलाला काढा पाजून माणूस बरा होत नाही.