बकऱ्यांच्या पाठीवरच्या पिशव्या

खूप जुन्या काळची गोष्ट, मुलांनो. मोठ्यांनी ऐकली तरी चालेल.

खाडीपलीकडच्या उंच डोंगरावर एका देवीचं देऊळ होतं. दुसरा देव मानणाऱ्या एका राजाने त्या डोंगराला वेढा घातला. वर दोनशे माणसं अडकली. खाडीअलीकडच्या राज्याच्या सेनापतीची बहीणही त्यांत होती. तिचा निरोप आला, "दादा, आम्ही तग धरून आहोत. पण लवकर ये!"

मग काय विचारता! शिंगं फुंकली, गुलाल उधळला, गावोगावचे जवान धावत आले. "देवीसाठी! देवीसाठी!" असा गजर करत सेना खाडीवर पोचली.

नावाड्यांचा नाईक म्हणाला, "सगळ्यांना फुकट पलीकडे नेतो. फक्त तिथलं बंदराचं गाव आधी जिंकून द्या. तिथले लोक माझे जुने वैरी आहेत."

एक म्हातारा शिलेदार पुटपुटला, "सरदार, त्या गावातही आपल्याच देवीला पुजतात."

"चार दिवसांचं तर काम, आजोबा! पोरांचा हात साफ होईल," सेनापती हसला.

सेना पलीकडे उतरली. गावच्या बायकांनी तटावर देवीचे झेंडे लावले. पाटील हात जोडून बाहेर आले. "सरदार, एकांतात दोन शब्द बोलू द्या."

"लढाईनंतर बोलू!"

आणि काय लढाई झाली! चौथ्या दिवशी वेस फुटली. कोठारं लुटली, घरं पेटली. एका गोठ्यात साठ बकऱ्या सापडल्या. प्रत्येकीच्या पाठीवर दोन छोट्या पिशव्या!

"बघा रे, इथल्या बकऱ्या बाजाराला जातात वाटतं!" सैनिक खो खो हसले. त्याच बकऱ्यांची मेजवानी झाली.

जेवणं उरकली, तशी त्या बकऱ्या राखणारी गावातली म्हातारी सेनापतीपुढे उभी राहिली.

"पोटभर जेवलास ना, बाबा? डोंगराच्या मागच्या कड्यावरून देवळात धान्य न्यायच्या त्या बकऱ्या. तिथे माणसाचा पाय ठरत नाही. सहा महिने वरची माणसं आमच्या दाण्यावर जगली."

"मग सांगितलं का नाही?"

"तटावरून ओरडलो असतो, तर शत्रूच्या हेरांनीही ऐकलं असतं. पाटील कानात सांगायला आले होते. तुलाच वेळ नव्हता."

"निघा! आत्ताच्या आत्ता निघा!" सेनापती ओरडला. पण निम्मे जवान जखमी, उरलेले लुटीच्या ओझ्याने वाकलेले. दोन दिवसांच्या वाटेला आठ दिवस लागले.

डोंगरावर शत्रूचं निशाण फडकत होतं. पायथ्याशी बहीण बसली होती, एका आजींना शत्रूनेच दिलेली पेज पाजत.

"भुकेने तीन माणसं गेली, दादा. मग दार आम्हीच आतून उघडलं." तिने मान वर केली नाही. "खाडीकडून धूर दिसला होता. आम्हाला वाटलं, तू शत्रूला हरवतोयस. आम्ही टाळ्या वाजवल्या रे!"

म्हणून सांगते, चांगल्या कामाला निघालेल्याने वाटेत दुसऱ्याचं वैर खांद्यावर घेतलं, तर त्याच्या हातून आपल्याच माणसांचा घात होतो.