टेकडीवरून उतरलेलं पाळणाघर

बुधीचा धाकटा भाऊ बारक्या वीटभट्टीच्या धुरात वाढत होता. वाढत कसला, खोकत होता! भट्टीशेजारी चार बांबूंवर पाला टाकलेला, त्याखाली जुन्या लुगड्याची झोळी आणि झोळीत एवढंसं बाळ. आई-बाबा दिवसभर चिखल तुडवायचे, साच्यात भरून विटा पाडायचे. मधूनच आई हात धुऊन धावत यायची, बाळाला पाजायची आणि परत धावायची. भट्टीवरच्या सगळ्याच बाळांचं असं. राजकन्यांच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. ही बुधीची गोष्ट आहे, आणि बुधी कुठल्याही राजकन्येला भारी होती, हे आधीच सांगून ठेवते.

एका सकाळी वारा फिरला. धुराचा लोट थेट झोळीवर आला. बारक्या असा खोकला, असा खोकला, की त्याचे इवलेसे ओठ निळे पडले. बुधीनं त्याला उचललं, पाण्याची बाटली घेतली आणि नदी ओलांडून पळसाच्या रानात पळाली.

रान पेटल्यासारखं फुललं होतं. केशरी फुलं, केशरी ऊन, वाटेवर केशरी पाकळ्यांचा सडा. बारक्याचा श्वास जरा मोकळा झाला. तेवढ्यात, भट्टीसाठी माती खणलेल्या खड्ड्यातून बारीकसा आवाज आला, "ए मुली, मला काढ गं! माझे पंख वाळायला लागलेत!"

खड्ड्याच्या गाळात एक पिटुकली परी रुतली होती. पंखांवर चिखल सुकून अगदी कौलासारखा झाला होता. बुधीच्या बाटलीत घोटभरच पाणी होतं, आणि तिचा घसा कोरडा पडला होता. तिनं विचारही केला नाही. थेंब थेंब ओतून, करंगळीनं हळूहळू चोळून तिनं ते पंख धुतले. आणि काय सांगू! एकेक पंख उलगडला तसे त्यातून निळे, जांभळे, पोपटी, सोनेरी कण उडाले. बारक्या टाळ्या पिटायला लागला.

"तहान लागली होती ना तुला?" परीनं विचारलं.

"लागली होती," बुधी म्हणाली. "पण मला चालता येतं, परीताई. तू तर अडकली होतीस."

परी हसली. "चल. तुला एक झाड दाखवते."

रानाच्या गाभ्यात ते झाड उभं होतं. एवढं उंच, की बुधीची मान दुखली तरी शेंडा दिसेना. खोड चांदीचं, पानं पाण्यासारखी आरपार, आणि फांद्याफांद्यांवर उजेडाची फळं! मंद, उबदार, श्वास घेतल्यासारखी हलणारी. 

"हे कुणी लावलं?" तिनं कुजबुजत विचारलं.

"फार पूर्वीच्या माणसांनी. स्वतःच्या गरजेपुरतं ठेवून उरलेलं त्यांनी इथं मुळाशी पेरलं. ती माणसं निघून गेली, पण झाड देतंच आहे. माझं काम राखण करायचं आणि द्यायचं. हवं ते माग. पण नियम ऐक. फळ घ्यायचं, फांदी तोडायची नाही. फांदी तोडली तर पुढच्यांना काय उरेल? एकट्यासाठी मागितलेलं फळ हातातच विझतं. आणि पळसाची फुलं गळली की मी बघायला येईन. तेव्हा जे असेल ते खरं दाखवायचं."

बुधीनं बारक्याकडे पाहिलं. मग भट्टीवरच्या सगळ्या झोळ्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या. "आमच्या सगळ्या बाळांना धूर नसलेलं घर हवं."

फळ अलगद तिच्या ओंजळीत उतरलं.

बुधीनं फळ आणलं, परीचे नियम सांगितले आणि भट्टीवर एकच गलका झाला. मुकादमकाकांनी मिशीवर हात फिरवला. "टेकडीवर ठेव ते फळ! रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसायला नको?" बायका काही बोलायला गेल्या, पण मुकादमापुढे त्यांचं कोण ऐकतं! फळ टेकडीवर ठेवलं. ते उमललं आणि घर उभं राहिलं. गुलाबी भिंती, चंदेरी पाळणे, दाराला मोत्यांची झालर. बघतच राहावं असं!

बघतच राहिले सगळे. आत कोणी गेलंच नाही. टेकडी चढून बाळाला पाजायचं आणि उतरून विटा पाडायच्या, हे कुठल्या आईला जमणार? झोळ्या धुरातच राहिल्या. बारक्याचा खोकला वाढला. आणि पळसाची फुलं गळायला लागली.

"परी येणार!" मुकादम घाबरले. "बाळांना न्हाऊमाखू घाला, नवी झबली घाला, आजच्या दिवस पाळण्यांत निजवा. बुधे, तू म्हणायचं, रोज इथंच असतात."

"पण ते खोटं आहे, मुकादमकाका."

"शहाणी आहेस! खरं बोललीस आणि तिनं घर परत नेलं म्हणजे? तुझ्या भावाला काय, माझ्या मिशीत झोपवशील?"

बुधीला रडू आलं. घर गेलं तर बारक्याचं काय होईल?

परी आली तेव्हा पाळण्यांत काजळ-तीट लावलेली बाळं ओळीनं निजवली होती. "छान झोपतात की!" परी म्हणाली. "रोज झोपतात का गं?"

सगळे बुधीकडे बघत होते. झोपेतच बारक्या खोकला.

"नाही," बुधी म्हणाली. "आजच आणलीत, तुला दाखवायला. घर सुंदर आहे, पण चुकीच्या जागी आहे. आयांना लांब पडतं. परीताई, रागव हवं तर. पण घर नेऊ नकोस!"

मुकादमांनी डोळे मिटून घेतले.

परी रागावली नाही. ती झुलत झुलत बायकांपुढे गेली. "मग कुठं हवं? तुम्ही सांगा."

आता मात्र बायकांना बोलताना थांबवायची कोणाची छाती झाली नाही. "वारा जिकडून येतो तिकडं!" बुधीची आई म्हणाली. "बाळ रडलं तर ऐकू यावं इतकं जवळ."

"आणि सांभाळायला ही हिरीआजी," दुसरी म्हणाली. "तिच्या हातून आता विटा होत नाहीत, पण तिच्या मांडीवर पोर कसं गप निजतं!"

"चुकलं ते सांगणाऱ्याला झाड पुन्हा देतं," परी म्हणाली. तिनं ओंजळ उघडली. त्यात आणखी एक फळ होतं. त्याचा उजेड घराखाली पसरला, आणि ते अख्खं घर, पाळण्यांसकट, झोपलेल्या बाळांसकट, टेकडीवरून उचललं गेलं! पिसासारखं तरंगत ते खाली आलं. झालर वाऱ्यात किणकिणत होती. एक बाळ जागं झालं, खिदळलं आणि पुन्हा झोपलं. घर टेकलं ते आयांच्या हाकेच्या अंतरावर, वाऱ्याच्या बाजूला, स्वच्छ हवेत.

मुकादमांनी चपला काढल्या आणि मुकाट्यानं हात जोडले.

"परीताई!" बुधी ओरडली. पण परीभोवती सोन्याचा उजेड दाटत चालला होता. तो नदीवरून गेला, पळसाच्या बोडक्या फांद्यांना शिवला आणि आभाळभर विरून गेला.

सगळे घराच्या दाराशी जमले. आतून बाळांचे श्वास ऐकू येत होते. बारक्याचाही येत होता. तो खोकत नव्हता.